मागच्या डब्यातली पावलं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर एका माणसाच्या पायातलं ओळखलं.

दिवेलागणीची वेळ होती. मी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसून विळ्यांना धार लावत होतो. शेवंती, माझी बायको, आत चुलीपाशी पाटावर बसून दुसऱ्या दिवशीच्या कापणीच्या माणसांसाठी सुकट निवडत होती. मध्ये भिंत. तिला टीव्ही दिसत नव्हता, मला ती दिसत नव्हती. टीव्हीवर कसलातरी पिक्चर लागला होता, मोठ्या बंगल्यातला. तेवढ्यात ती आतून ओरडली.

"अवो, मागून कोणतरी येतंय!"

"कोण येतंय?"

"मला काय दिसतंय हितनं? पायात बूट हाय. अंगानं जड हाय. पोलीस असंल."

मी बघितलं. जिन्यावरून एक टक्कलवाला उतरला. "पोलीस नाय गो, पोराचा बाप हाय. सासरा व्हायचाय."

"मग त्या पोरीला सांगा, होकार नको देऊ म्हणून. असला जड पायाचा सासरा जन्मभर छातीवर नाचतो."

मी हसलो. ती पण आत हसली असणार, सुपाचा आवाज थांबला होता. मग म्हणाली, "बंद करा आता. उद्या कापणी हाय." मी बंद केलं. एवढंच. त्याच रात्री, पहाटेकडं, तिच्या छातीत कळ आली. शेजारच्या टेम्पोत घालून महाडला निघालो, पण दवाखान्याच्या पायऱ्या ती चढली नाही. धार लावलेले विळे भिंतीला टेकून राहिले. आमचं भात त्या वर्षी दुसऱ्यांनी कापलं.

आता परत तेच दिवस आलेत. पोलादपूरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर भातं पिवळी होऊन आडवी पडायला लागलीत. सकाळी बांधावरून चाललं की पोटऱ्या दवानं भिजतात आणि दुपारी तोच बांध तव्यासारखा तापतो. कापलेल्या भाताचा वास सुटतो, ओलसर, गोडूस, त्यात मोडलेल्या गवताचा तुरटपणा. पूर्वी हा वास आला की मला भूक लागायची. आता राग येतो. वासाला कशाला सांगायचं, की बाबा यंदा नको येऊस?

आणि नेमक्या ह्याच दिवसांत महाडच्या बाजारपेठेत दुकानांवर फलक लागतात. जुनं द्या, नवं न्या. फोन उघडला की तेच. पेपर उघडला की त्यातून रंगीत कागद सांडतो, त्यावर एक बाई सोफ्यावर पाय घेऊन बसलेली, टीव्ही बघून डोळे फाडलेले. जुनं द्या म्हणणाऱ्या सगळ्या लोकांचा मला राग आहे. अरे, माणूस गेल्यावर घरात दुसरं असतं काय?

माझा मुलगा दिनेश डोंबिवलीला असतो. चांगला आहे. चांगला आहे म्हणूनच डोकं खातो. ह्या दिवाळीला आला तो खोकं घेऊन आला. आतून एक लांबलचक काळी पट्टी निघाली आणि एक ठोकळा.

"बाबा, आता अपग्रेड करूया."

"कशाला?"

"होम थिएटर हो. हे तुमचं आऊटडेटेड झालं. आता बघा, वायर नाय, काय नाय. आवाज चारी बाजूंनी येतो. वरनं पण येतो."

"वरनं आवाज आला की आमच्याकडं मांजर हाकलतात."

सूनबाई हसली. तो नाही हसला.

माझा जुना संचही त्यानंच आणला होता, पहिली नोकरी लागली त्या वर्षी. तीन डबे पुढचे, दोन डबे मागचे, आणि एक थोरला जमिनीवर ठेवायचा, तो नुसता धमधम करतो. तेव्हा त्याला परत जायची घाई होती. खोकं टेकवलं आणि म्हणाला, बाबा, सोपं आहे, तीन पुढं लावा आणि दोन मागं लावा, एसटी चुकेल माझी. गेला.

मी सातवी. शेवंती तेवढीही नाही. आम्ही दोघं खोलीच्या मधोमध उभे राहिलो आणि विचार केला, मागं म्हणजे कुठं? शेवंतीला लगेच कळलं. "मागं म्हणजे माझ्याकडं," ती म्हणाली. पुढची खोली पुढं, तिच्या मागं स्वयंपाकघर. ह्यात चुकीचं काय? मी पहारीनं भिंतीला भोक पाडलं, वायर आत घेतली आणि एक डबा चुलीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. दुसरा मागचा डबा वायरला जोड देऊन आणखी मागं नेला, पार मागच्या पडवीत, खळ्याकडं तोंड करून. झोडणीच्या बायकांना पण ऐकू दे म्हटलं. टीव्ही चालू केला आणि ओरडलो, "येतो काय गो आवाज?"

"येतो, येतो! मस्त येतो!"

पुढं दिनेश शिमग्याला आला तेव्हा कपाळ धरून खाली बसला. "बाबा, मागचे स्पीकर त्याच खोलीत लावायचे असतात! बसणाऱ्याच्या मागं!"

"मग तसं बोलायचं होतं."

मग त्यानं समजावून सांगितलं. माणसं बोलतात ते पुढच्या मधल्या डब्यातून. मागच्या डब्यांतून बोलणं येत नाही, नुसता आजूबाजूचा आवाज येतो. पाऊस, दार, गाडी, गर्दी, पावलं. शेवंती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे बोलणं पुढं बसणाऱ्याला, आणि पाऊसपाणी नि आला-गेला बाईमाणसाला. मग बरोबर लागलंय की रे. सगळ्या घरांत असंच असतं." आणि आत निघून गेली. डबा काही कोणी हलवला नाही.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. माझा डावा कान गेलेला आहे. कशेडीच्या खाली रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा खडी फोडायच्या मशीनवर होतो. मशीननं दगड खाल्ले तसा माझा कान पण खाल्ला. तेव्हा चारी बाजूंनी आवाज येतो म्हणणाऱ्याला मी काय सांगू? मला एकाच बाजूनं येतो. ढग उजवीकडं गडगडला काय आणि डावीकडं काय, मला उजवीकडंच. रस्त्यात मागून गाडी आली तर शेवंती माझा सदरा धरून ओढायची. बोलायची नाही, नुसती ओढायची.

ती तुडीलची. सावित्रीच्या काठावर वाढलेली. डोळे मिटून, नुसतं पाणी ऐकून पाणी चढतंय की उतरतंय हे सांगायची. होडी रिकामी आहे की भरलेली, वल्ह्याच्या आवाजावर ओळखायची. लग्न होऊन आमच्या डोंगरात आली तेव्हा म्हणाली होती, तुमच्याकडं ऐकायला काही नाहीच, नुसता वारा. मग तिनं वाऱ्याचं पण पाठ केलं. शेजारणीच्या चपला, पोस्टमनची सायकल, माझ्या चालीतली लचक. मी दारात येण्याआधी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर असायचा.

तर असा आमचा सिनेमा चालायचा. मला बोलणं, तिला पावलं. मी आत ओरडून सांगायचो, "तो म्हणतोय, मी जमीन विकणार नाय." ती आतून ओरडायची, "विकंल, विकंल. भायेर गाडी थांबली, दोन दारं वाजली, दोघंजण उतरले." आणि खरंच दोघं यायचे. मला ते आधी कधी ऐकूच यायचं नाही. तिला ते काय बोलतात हे कळायचं नाही. दोघांचं मिळून एक व्हायचं. तुम्ही म्हणाल, एका खोलीत बसून का नाही बघितलंत? मग भाकऱ्या कोण थापणार होतं, तुम्ही?

आणि झोडणीचे दिवस! खळ्यावर बायका फळीवर भाताचे भारे आपटायच्या, दाणे उडून पायांवर टोचायचे, पेंढ्याचा धुरळा उन्हात सोन्यासारखा लटकत राहायचा. पडवीतल्या डब्यातून गाणं लागायचं, पण गाणारी बाई गायब. नुसती ढोलकी, नुसती पेटी. आमच्या वाडीतली सुमन, तिची जीभ म्हणजे दुसरा विळाच, पहिल्या दिवशी म्हणाली, "काका, तुमच्या डब्याचं तोंड शिवलंय काय?"

शेवंती म्हणाली, "तोंड तुला दिलंय ना देवानं, मग?"

झालं. त्या दिवसापासून डबा वाजवायचा आणि बायका स्वतःचे शब्द घालायच्या. कुणाच्या नवऱ्याचं नाव, कुणाच्या सासूची खोड. सुमननं एकदा माझ्या बहिऱ्या कानावर अख्खं गाणं रचलं आणि मी समोर बसून मान हलवत होतो, मला काही कळलंच नाही. शेवंती हसून हसून सुपावर पडली. ते भात झोडून झालं तेव्हा कोणाला दमल्यासारखं वाटत नव्हतं. आता खळ्यावर मशीन येतं. ते एकटंच ओरडतं. त्यात कोणाला शब्द घालता येत नाहीत.

हे सगळं दिनेशला माहीत आहे. तरी ह्या दिवाळीत त्यानं महाडहून मेकॅनिक बोलावला. मी शेतावर गेलेला बघून बोलावला. मी विळा खांद्याला लावून परत आलो तर घरात शिडी. पट्टी टीव्हीखाली बसवलेली. मेकॅनिक वर छपराकडं बघत उभा, तोंड उतरलेलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काका, ह्याचा आवाज वर जातो, छताला आपटून खाली येतो. तुमच्याकडं स्लॅब नाय. कौलं हायत."

"मग?"

"मग तो वरच जाणार."

"कुणाकडं?"

त्यानं दिनेशकडं बघितलं. दिनेश म्हणाला, "खाली फॉल्स सीलिंग करून घेऊ, बाबा." बघा म्हणजे कसं आहे. आधी डबा बदला. मग डब्यासाठी छप्पर बदला. मग कान बदला. शेवटी घरातला म्हातारा बदला, म्हणजे सगळं एकदम नवीन.

मी तेवढंच बोलून गप्प बसलो असतो. पण मेकॅनिक आत गेला आणि आतून करकर आवाज आला, तो उजव्या बाजूनं होता म्हणून कळला. बघतो तर त्यानं चुलीवरच्या डब्याची वायर तोडून भिंतीतून ओढायला घेतली होती, आणि भोक बुजवायला सिमेंट कालवून ठेवलं होतं. वायरीला धुराचा काळा चिकटा होता. तो त्याच्या बोटांना लागला तर त्यानं ती आमच्या भिंतीला पुसली. मी वायरीचं दुसरं टोक धरलं.

"सोड."

"काका, हिचा आता उपयोग नाय. नवीन सिस्टीमला ही लागतच नाय."

"सोड म्हणतो ना! तुझ्या बापाची हाय काय?"

दिनेश मध्ये आला. "बाबा, कुणासाठी ठेवायचाय तो डबा? आई नाय आता आत."

"म्हणून भोक बुजवायचं?"

मग तो खरं बोलला. इतका वेळ अपग्रेड, अपग्रेड करत होता, खरं वेगळंच होतं. "लोक अजून बोलतात, बाबा. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुतकात, सगळे बसलेले असताना तुमी टीव्ही लावलात. मला गावात मान वर करून चालता येत नाय. हा डबा बघितला की मला तेच आठवतं. नको मला तो घरात."

तर असं. लाज त्याला वाटते, आणि डबा माझा जुना. मी सांगितलं, "तुला लाज वाटते तर डोळे मीट. डबा राहील." त्याचे डोळे भरले. माझेही भरले असतील, पण मी वायर सोडली नाही. सूनबाईच शेवटी मेकॅनिकला म्हणाली, "राहू द्या हो भाऊ. जोडून द्या परत." त्यानं चिकटपट्टी लावून जोडून दिली. कालवलेलं सिमेंट दिनेशनं मुकाट्यानं मोरीच्या फुटक्या कडेला लावलं. निदान वाया तरी गेलं नाही.

पट्टी आणि ठोकळा तो परत घेऊन गेला. त्याच्या घराला स्लॅब आहे. हॉल आणि स्वयंपाकघर एकाच खोलीत आहे. नवराबायकोचे चारी कान शाबूत आहेत. तिथं शोभेल ते. गाडीत बसताना पाया पडला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आवाज मला आधीच थांबला होता.

आता कोणी मला विचारतं, काका, जुना संच काढून नवा घ्यावा का, फायदा आहे का? विचारतात खरंच. पोलादपूरला चहाच्या टपरीवर परवा एकानं विचारलं. मी त्याला विचारलं, तुझ्या घरात कोण कुठं बसतं? तो म्हणाला, सगळे टीव्हीसमोर. म्हटलं, मग घे बाबा, लाख वेळा घे. दर दिवाळीला घे. तुला काय अडचण आहे? ज्याच्या घरात सगळी माणसं एका भिंतीच्या एकाच बाजूला आहेत, त्यानं पाहिजे ते घ्यावं. आवाज वरून येऊ दे, खालून येऊ दे, जमिनीतून फुटू दे. त्याला टपरीवर बसून माझं काय कळणार होतं! चहा न संपवताच उठून गेला.

मी अजून रोज टीव्ही लावतो. पुढं बसतो. मला बोलणं ऐकू येतं. आत चुलीवर पावलं वाजतात, दारं उघडतात, पाऊस पडतो, मला माहीत आहे. पण कोणी सांगत नाही. त्यामुळं टीव्हीतला माणूस एकदम माझ्यासमोर उभा राहतो, न सांगता आल्यासारखा. मी दचकतो. म्हाताऱ्या माणसाला रोज संध्याकाळी असं दचकायला लावणं बरं नाही. पण त्यावर दुकानात काही मिळत नाही.

त्या सकाळचं सांगतो, म्हणजे लोकांचं आणि दिनेशचं एकदाचं मिटेल. मिटलं नाही तरी माझं काही जात नाही.

तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. घर भरलेलं. माझी थोरली बहीण, चुलतभाऊ तात्या, सुमन, वाडीतली माणसं, तुडीलहून आलेला शेवंतीचा भाऊ. चूल पेटवायची नव्हती, चहा शेजारून आला होता. तात्यानं टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवला होता. पुढच्या खोलीत तिला जिथं ठेवलं होतं तिथं दिवा, त्याच्या शेजारी जमिनीवर पसरलेलं पीठ, आणि पिठावर पालथी टोपली. आमच्याकडं तशी रीत आहे. रात्रभर टोपली तशीच ठेवायची, सकाळी उचलून पिठात कोणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं. ज्याचं पाऊल, त्याच्या जन्माला माणूस गेलं.

तात्यानं टोपली उचलली. सगळे वाकले.

"पाखराचं हाय," तात्या म्हणाला.

"कुठलं पाखराचं? गाईचा खूर हाय तो," माझी बहीण म्हणाली. "अर्धाच उमटलाय."

सुमन हळूच म्हणाली, "मला तर उंदीर फिरल्यासारखा वाटतोय." तिला सगळ्यांनी गप्प केलं.

मी पण वाकून बघितलं. मला काहीच दिसलं नाही. पीठ होतं. तिनंच आठवड्यापूर्वी दळून आणलेलं पीठ. मला वाटलं, ही माणसं तिला पिठात शोधतायत. पाऊल बघून ओळखायची तिची रीत कधी होती? ती तर ऐकून ओळखायची.

मी उठलो. टॉवेल काढला, टीव्ही लावला, संच लावला. मागं कोणीतरी "अवो, अवो" म्हणालं. मी आत गेलो. चूल थंड होती. सुपात सुकट तशीच, निम्मी निवडलेली. मी तिच्या पाटावर बसलो. इतक्या वर्षांत त्या पाटावर मी पहिल्यांदा बसलो. उजवा कान फळीवरच्या डब्याकडं केला.

बोलणं नव्हतंच. लांब कुठंतरी वारा होता. एक दार करकरलं. मग पावलं आली. बूट नव्हते, चप्पल नव्हती. हलकी होती, घाई नव्हती.

"मागून कोणतरी येतंय!" मी आतून ओरडलो. "अनवाणी हाय. बाई हाय. बघा रे कोणतरी, कोण हाय!"

बाहेर एवढी माणसं बसली होती. एकानंही टीव्हीकडं बघितलं नाही. सगळी पिठावर वाकलेली होती.